आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थांचा धोरणांवरील प्रभाव : तो येतो कोठून आणि त्याचा जाब कोणी विचारायचा?

अक्षांश (धागाकर्ता)

डिसेंबर १९९७ मध्ये कॅनडातील ओटावा येथे शंभराहून अधिक देशांनी भूसुरुंगबंदीच्या करारावर सह्या केल्या. ही मोहीम १९९२ मध्ये सुरू झाली तेव्हा तिच्यामागे अवघ्या सहा संस्था होत्या. पाच वर्षांत करार झाला आणि त्याच वर्षीचे शांततेचे नोबेल पारितोषिक या मोहिमेला आणि तिच्या समन्वयक जोडी विल्यम्स यांना मिळाले. पुढच्याच वर्षी उलट दिशेचे उदाहरण घडले. श्रीमंत देशांच्या ओईसीडी या संघटनेत १९९५ पासून बहुपक्षीय गुंतवणूक कराराच्या वाटाघाटी चालू होत्या. त्याचा मसुदा १९९७ मध्ये फुटला, अनेक देशांतील संस्थांनी तो इंटरनेटवरून पसरवला, परकीय गुंतवणूकदाराला सरकारवर दावा ठोकण्याचा अधिकार देणाऱ्या कलमांवर गदारोळ झाला आणि ऑक्टोबर १९९८ मध्ये फ्रान्स बाहेर पडल्यावर तो करार बारगळला.

एक करार संस्थांनी घडवला, दुसरा मोडण्यात त्यांचा मोठा वाटा होता. दोन्ही ठिकाणी त्यांच्याकडे मताचा अधिकार नव्हता, सैन्य नव्हते आणि समोरच्या पक्षाच्या तुलनेत पैसाही किरकोळ होता. मग हा प्रभाव नेमका येतो कोठून? आणि तो चुकीच्या दिशेने वापरला गेला, तर निवडून न आलेल्या या मंडळींना जाब विचारण्याची सोय काय? एखाद्या देशातील परकीय निधीच्या कायद्यावर चर्चा घसरते आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो, असा अनुभव असल्याने कृपया येथे जगाच्या पातळीवरच बोलावे.

काळी_शाई

निदान औपचारिक प्रभावाचे उत्तर कागदावर सापडते. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या ७१ व्या कलमानुसार आर्थिक व सामाजिक परिषदेला बिगरसरकारी संस्थांशी सल्लामसलत करता येते. सुरुवातीला असा सल्लागार दर्जा मोजक्या संस्थांना होता, आज तो सहा हजारांहून अधिक संस्थांना आहे. त्यात सर्वसाधारण, विशेष आणि केवळ यादीतील नोंद असे तीन प्रकार असून त्यांचे नियम १९९६ च्या ठरावाने ठरले. हा दर्जा मिळाला की बैठकीला बसता येते, लेखी निवेदन देता येते, काही वेळा बोलताही येते. मत मात्र देता येत नाही.

यातली एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. हा दर्जा कोणाला द्यायचा याची शिफारस १९ देशांची एक समिती करते आणि तिला नको असलेल्या संस्थेचा अर्ज ती नाकारतेच असे नाही. दर बैठकीत एक नवा प्रश्न विचारला जातो, उत्तर आले की पुढच्या बैठकीत आणखी एक, आणि अर्ज वर्षानुवर्षे तसाच पडून राहतो. त्यामुळे ‘निवडून न आलेले लोक घुसले’ अशी तक्रार सरकारे करतात, तेव्हा दाराची किल्ली त्यांच्याच कमरेला आहे हे विसरू नये.

खरे काम मात्र सभागृहाबाहेर होते. मोठ्या देशाचे शिष्टमंडळ हवामान वाटाघाटींना शेकडो माणसांनिशी येते, तर लहान बेटराष्ट्रातून दोन-तीन अधिकारी येतात आणि त्यांना एकाच वेळी चालणाऱ्या अनेक बैठका सांभाळायच्या असतात. नव्वदच्या दशकात लहान बेटराष्ट्रांच्या गटाला कायद्याचा सल्ला लंडनमधील एका संस्थेने दिला. पर्यावरण आणि विकासाच्या आंतरराष्ट्रीय कायद्यावर काम करणारी ही संस्था ‘फील्ड’ या नावाने ओळखली जाते. मध्यरात्री मसुद्यातले एखादे क्रियापद बदलत असताना योग्य शब्द सुचवणारा माणूस शेजारी असणे, हा प्रभावाचा सर्वांत कमी दिसणारा आणि कदाचित सर्वांत टिकाऊ प्रकार असावा.

तिसरा_पक्ष

काळी_शाई यांनी जे कौतुकाने सांगितले त्यातच माझा आक्षेप आहे. लहान देशाला सल्लागार नसतो, म्हणून तो दुसऱ्याच्या सल्लागारावर विसंबतो. पण त्या सल्लागाराचा पगार जो देतो, त्याचे प्राधान्यक्रम मसुद्यात उतरत नाहीत, याची खात्री कोण देणार? बहुतेक मोठ्या संस्थांची मुख्यालये युरोप-अमेरिकेत आहेत, त्यांचे देणगीदार तेथेच आहेत आणि अनेकांच्या अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा त्याच देशांच्या सरकारांकडून येतो. ज्या सरकारच्या पैशावर संस्था चालते, त्या सरकारच्या व्यापारधोरणाविरुद्ध ती किती ताणून बोलेल?

वाकडी_वाट

मत देण्याचा अधिकार नसलेल्या माणसाचे मतच शेवटी इतिवृत्तात जाते, हे कोणत्याही समितीवर बसलेल्या माणसाला ठाऊक असते.

ओंजळ

तिसरा_पक्ष यांचा प्रश्न रास्त आहे, परंतु दबाव त्यांना वाटतो तसा येत नाही. मी काही वर्षे एका मोठ्या आंतरराष्ट्रीय संस्थेत देणगीदारांसाठी अहवाल लिहिण्याचे काम केले आहे. ‘अमुक बोलू नका’ असे कोणीही कधी सांगितले नाही. सांगावे लागतच नाही. निधीसाठीचे आवाहन निघते तेव्हा त्यात विषय ठरलेले असतात, मुदत ठरलेली असते आणि यश कशाने मोजायचे तेही ठरलेले असते. किती लोकांना प्रशिक्षण दिले, किती धोरण-टिपणे काढली, किती अधिकाऱ्यांशी बैठका झाल्या, हे रकान्यात भरता येते. जमीन महसुलाच्या कायद्यातील एक अन्यायकारक तरतूद बदलायला दहा वर्षे लागतील आणि मधल्या काळात दाखवण्यासारखे काहीच नसेल, ही गोष्ट कोणत्याच रकान्यात बसत नाही. परिणामी संस्था हळूहळू असेच प्रश्न निवडू लागते जे तीन वर्षांत सुटल्यासारखे दिसतील. हा कोणाचा कट नसतो. चांगली माणसे रात्री उशिरापर्यंत बसून अर्ज भरत असतात, एवढेच.

सगळ्याच संस्थांचे असे होते असे मात्र नव्हे. पर्यावरणासाठी लढणारी ग्रीनपीस सरकारांकडून किंवा कंपन्यांकडून पैसा घेत नाही. ॲम्नेस्टीही मानवी हक्कांच्या तपासकामासाठी आणि मोहिमांसाठी सरकारी पैसा घेत नाही. त्यांच्यावर इतर आक्षेप घेता येतील, हा घेता येणार नाही.

रुजवात

प्रभाव कोठून येतो, या प्रश्नासाठी औषधांचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते.

नव्वदच्या दशकाअखेर एचआयव्हीवरील औषधांचा एका रुग्णाचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या वर होता. दक्षिण आफ्रिकेने १९९७ मध्ये स्वस्त औषधांची वाट मोकळी करणारा कायदा केला, तेव्हा ३९ औषध कंपन्यांनी आणि त्यांच्या संघटनेने त्या सरकारला न्यायालयात खेचले. डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेला १९९९ मध्ये नोबेल मिळाले आणि त्याच वर्षी तिने औषधे परवडणारी व्हावीत यासाठी स्वतंत्र मोहीम उघडली. फेब्रुवारी २००१ मध्ये भारतातील सिप्ला कंपनीने या संस्थेला तीन औषधांचा एकत्रित उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. त्या एका आकड्याने चर्चेची पातळीच बदलली. ‘औषधे महागच असतात, गरीब देशांत उपचार परवडणार नाहीत, प्रतिबंधावर भर द्या’ असे सांगणाऱ्या तज्ज्ञांची पंचाईत झाली, कारण किंमत ही निसर्गाची देणगी नसून पेटंटचा परिणाम आहे हे उघड झाले. एप्रिल २००१ मध्ये कंपन्यांनी खटला मागे घेतला आणि नोव्हेंबरमध्ये दोहा येथे जागतिक व्यापार संघटनेने जाहीर केले की बौद्धिक संपदेचा ट्रिप्स करार सार्वजनिक आरोग्याच्या आड येत नाही आणि येऊ नये.

मात्र या कथेत आंतरराष्ट्रीय संस्थेला नायक करणे मला मान्य नाही. खटल्याच्या काळात रस्त्यावर आणि न्यायालयात उभी होती ती दक्षिण आफ्रिकेतीलच ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन. डिसेंबर १९९८ मध्ये तिची स्थापना झाली आणि तिचे अनेक कार्यकर्ते स्वतः एचआयव्हीबाधित होते. कंपन्यांविरुद्ध सरकारच्या बाजूने लढलेली हीच संघटना लगेच त्याच सरकारविरुद्ध उभी राहिली, कारण आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेविरापिन हे औषध सरकार मोजक्या केंद्रांपुरतेच ठेवत होते. जुलै २००२ मध्ये तेथील घटनात्मक न्यायालयाने संघटनेच्या बाजूने निकाल दिला. बाहेरच्या संस्थेने माहिती, प्रसिद्धी आणि पुरवठादार जोडून दिले, तर स्वतःच्या सरकारला कोर्टात उभे करण्याचा नैतिक अधिकार स्थानिकांकडे होता. यातले एक नसते तर दुसरे अपुरे पडले असते.

हिशेबनीस

रुजवात यांचा प्रतिसाद उत्तम. आर्थिक धोरणावरील प्रभावाचे याहून मोठे उदाहरण कर्जमाफीचे आहे आणि त्याचा शेवट इतका गोड नाही.

मे १९९८ मध्ये बर्मिंगहॅम येथे जी-८ देशांच्या परिषदेभोवती सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. ज्युबिली २००० या मोहिमेने दोन कोटींहून अधिक सह्या गोळा केल्या. चर्च, कामगार संघटना आणि विकास क्षेत्रातील संस्था एकाच मागणीभोवती आल्या. अतिकर्जबाजारी गरीब देशांसाठीची योजना जागतिक बँक आणि नाणेनिधीने १९९६ मध्येच आणली होती, पण ती फार कंजूष होती. १९९९ मध्ये कोलोन येथील परिषदेनंतर ती विस्तारली आणि २००५ मध्ये ग्लेनईगल्स येथे बहुपक्षीय कर्जेही माफ करण्याचे ठरले. एकूण ३७ देशांना मिळून १०० अब्ज डॉलरहून अधिक सवलत मिळाली. युगांडाने वाचलेला पैसा शिक्षण आणि आरोग्याकडे वळवण्यासाठी वेगळा निधी उभारला. हे सगळे खरे आहे आणि मोठे आहे.

आता पुढचे पाहा. नोव्हेंबर २०२० मध्ये झांबिया आणि डिसेंबर २०२२ मध्ये घाना पुन्हा कर्जफेडीत अडकले. दोघेही माफीचे लाभार्थी होते. यावेळी देणेकऱ्यांसमोर श्रीमंत देशांचा क्लब एकटा नव्हता. रोखे घेतलेले खासगी गुंतवणूकदार होते, चिनी सरकारी बँका होत्या. परिषदेच्या इमारतीभोवती साखळी करून पंतप्रधानाला लाजवता येते. निवृत्तिवेतन निधीचे पैसे गुंतवणाऱ्या व्यवस्थापकाला लाजवायला कोणत्या इमारतीपाशी जमायचे? पहिल्या मोहिमेचे यश समोरचा पक्ष ओळखीचा, मोजका आणि निवडणुकीला सामोरा जाणारा होता, यावर बरेच अवलंबून होते, असे माझे मत आहे. मागणी न्याय्य असणे एवढे पुरत नाही. ती कोणाच्या दारात न्यायची हे ठाऊक असावे लागते. दुसऱ्या फेरीत ते दारच सापडत नव्हते.

मुक्काम_पोस्ट

वाचतो आहे. एक भाबडा प्रश्न : रेड क्रॉस यात धरायची की नाही? आणि कंपन्यांच्या संघटनांचे काय?

काळी_शाई

प्रश्न भाबडा नाही. रेड क्रॉसची आंतरराष्ट्रीय समिती १८६३ मध्ये स्विस नागरिकांनी स्थापन केलेली खासगी संस्था आहे, पण जिनिव्हा करारांनी तिला थेट कामे नेमून दिली आहेत, म्हणून ती धड सरकारी नाही आणि धड बिगरसरकारीही नाही. तिला आपण त्रिशंकू म्हणू.

दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा. १९१९ मध्ये स्थापन झालेले इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स हीदेखील आंतरराष्ट्रीय बिगरसरकारी संस्थाच आहे. तिला डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत निरीक्षकाचा दर्जा मिळाला. भूसुरुंगवाल्या किंवा कर्जमाफीवाल्या मोहिमांना असा दर्जा नाही. आपण ‘स्वयंसेवी संस्थांचा प्रभाव’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर फलक घेतलेली मुले येतात, सूट घातलेली माणसे येत नाहीत. दोघांचे साधन एकच आहे आणि नियमही एकच आहेत.

वाकडी_वाट

शिवाय ‘गोंगो’ विसरू नका, म्हणजे सरकारने स्थापन केलेली बिगरसरकारी संस्था. मानवी हक्क परिषदेत एखाद्या देशावर टीका होणार असली की बोलणाऱ्यांच्या यादीत त्या देशाचे गुणगान करणाऱ्या अशा संस्थांची रांग लागते. सरकारची भलामण करायला सरकारबाह्य माणूस लागतो, यातच बिगरसरकारी आवाजाची पत किती आहे ते कळते.

तिसरा_पक्ष

विनोद चांगला आहे. मी मूळ मुद्द्याकडे, म्हणजे जाब विचारण्याकडे येतो आणि काँगोचे उदाहरण देतो.

पूर्व काँगोतील सशस्त्र टोळ्या कथील, टँटलम, टंगस्टन आणि सोने यांच्या व्यापारावर पोसल्या जातात, असे ग्लोबल विटनेस आणि अमेरिकेतील एनफ प्रोजेक्ट यांसारख्या संस्थांनी ठामपणे मांडले. ‘तुमच्या मोबाइलमध्ये रक्त आहे’ ही मांडणी समजायला सोपी होती. अमेरिकेच्या २०१० च्या डॉड-फ्रँक या वित्तसुधारणा कायद्यात १५०२ वे कलम आले. त्यानुसार शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांना ही खनिजे काँगो आणि शेजारच्या देशांतून आली का, हे जाहीर करणे बंधनकारक झाले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये काँगोच्या राष्ट्राध्यक्षांनी पूर्वेकडील प्रांतांतील खाणकामावर बंदी घातली, ती २०११ च्या मार्चपर्यंत टिकली. बंदी उठल्यावरही अनेक खरेदीदार परतले नाहीत, कारण उगम सिद्ध करण्यापेक्षा काँगोचा मालच टाळणे त्यांना सोपे होते. हाताने खाणकाम करणाऱ्या असंख्य कुटुंबांचा रोजगार गेला आणि टोळ्यांनी सोन्याकडे आणि इतर वसुलीकडे मोर्चा वळवला. २०१४ मध्ये काँगोतील आणि बाहेरील सुमारे ७० अभ्यासकांनी आणि जाणकारांनी खुले पत्र लिहून हे सांगितले.

आता मला सांगा, त्या खाणकामगाराने कोणाकडे जायचे? वॉशिंग्टनमधील खासदार त्याचा नाही आणि मोहीम चालवणाऱ्या संस्थेचा तो सभासद नाही. कंपनीने तर कायदा पाळला आहे. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आणि नुकसानीचा धनी कोणीच नाही.

नीरक्षीर

काँगोच्या उदाहरणाला एक पुरवणी. बंदीचा आदेश काँगो सरकारचा होता, तो कायद्याने मागितला नव्हता. त्यानंतर युरोपीय संघाने २०१७ मध्ये याच विषयावर नियम केला, जो २०२१ पासून लागू झाला. तो एका भूप्रदेशापुरता न ठेवता जगभरातील संघर्षग्रस्त आणि जोखमीच्या क्षेत्रांना लावला, म्हणजे थोडेफार शिकले गेले. पण तिसरा_पक्ष यांचा मूळ मुद्दा याने खोडला जात नाही, कारण हे शिकण्याची किंमत भरली ती त्या खाणकामगारांनीच.

मला वेगळ्या प्रकारच्या प्रभावाकडे लक्ष वेधायचे आहे, तो म्हणजे मोजमापाचा. जागतिक बँकेतून बाहेर पडलेल्या पीटर आयगेन यांनी १९९३ मध्ये बर्लिनमध्ये ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलची स्थापना केली. त्या काळी जर्मनीसह अनेक देशांत परदेशी अधिकाऱ्याला दिलेली लाच व्यवसायाचा खर्च म्हणून करातून वजा करता येत असे. १९९५ मध्ये संस्थेने भ्रष्टाचाराचा निर्देशांक प्रसिद्ध केला आणि १९९७ मध्ये ओईसीडीने परदेशी लाचखोरीविरुद्ध करार केला. निर्देशांकामुळेच करार झाला असे म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, कारण अमेरिकेने १९७७ मध्येच असा कायदा केलेला होता आणि तिथल्या कंपन्यांना स्पर्धकांवरही तेच बंधन हवे होते. पण विषय चव्हाट्यावर आणण्यात संस्थेचा वाटा होता.

निर्देशांकाची गंमत अशी की तो भ्रष्टाचार मोजत नाही, भ्रष्टाचाराविषयी उद्योजकांचे आणि तज्ज्ञांचे मत मोजतो. लाच घेणारा देश यादीत तळाशी दिसतो, त्या लाचेचा पैसा सांभाळणाऱ्या बँकांचा देश वरच्या स्थानावर झळकतो. २००३ मध्ये स्थापन झालेल्या टॅक्स जस्टिस नेटवर्कने पुढे आर्थिक गोपनीयतेचा स्वतंत्र निर्देशांक काढला आणि त्यात क्रम बराच उलटा लागला. म्हणजे एका संस्थेच्या मोजपट्टीला जाब विचारला तो दुसऱ्या संस्थेच्या मोजपट्टीने. तिसरा_पक्ष यांच्या खाणकामगाराला याचा उपयोग नाही, हे मान्य. परंतु ‘जाब विचारण्याची काहीच सोय नाही’ हेही पूर्ण खरे नाही.

हिशेबनीस

मोजपट्टीवरून ऑक्सफॅम या संस्थेचे, दावोस येथील उद्योगपती आणि राजकारण्यांच्या वार्षिक मेळाव्याच्या तोंडावर येणारे अहवाल आठवले. इतक्या अब्जाधीशांकडे जगातील गरीब निम्म्या लोकांइतकी संपत्ती आहे, ही मांडणी निव्वळ संपत्तीच्या आकडेवारीवर आधारलेली असे आणि त्यात डोक्यावर शैक्षणिक कर्ज असलेला अमेरिकी पदवीधर आफ्रिकेतील कर्जमुक्त शेतमजुरापेक्षा गरीब ठरे. अर्थतज्ज्ञांनी यावर पुष्कळ टीका केली. तरीही विषमता हा विषय अर्थमंत्र्यांच्या भाषणांत आणण्यात त्या एका वाक्याचा वाटा पोथीभर शोधनिबंधांपेक्षा मोठा असावा. अशा आकड्यांविषयी माझे मन अजूनही दुभंगलेले आहे.

ओंजळ

याचे टोकाचे उदाहरण ब्रेंट स्पार. उत्तर समुद्रातील तेलसाठ्याची ही प्रचंड तरंगती टाकी १९९५ मध्ये शेल कंपनी अटलांटिकमध्ये बुडवणार होती. ब्रिटिश सरकारची परवानगी होती. ग्रीनपीसच्या कार्यकर्त्यांनी टाकीवर ठाण मांडले, जर्मनीत पेट्रोलपंपांवर बहिष्कार पडला आणि जूनमध्ये शेलने माघार घेतली. टाकीत साडेपाच हजार टन तेल उरले आहे, हा ग्रीनपीसचा दावा चुकीचा होता आणि सप्टेंबरमध्ये संस्थेने त्याबद्दल जाहीर माफी मागितली. पण निर्णय फिरला नाही. १९९८ मध्ये ईशान्य अटलांटिकच्या देशांनी अशी अवजड बांधकामे समुद्रात टाकण्यावर बंदी घातली आणि ब्रेंट स्पारचे तुकडे नॉर्वेतील एका धक्क्याच्या पायात वापरले गेले.

मला प्रश्न असा पडतो की चुकीच्या आकड्याने योग्य धोरण आले, तर आपण कुरकुर करायची का? मी करते. कारण पुढच्या वेळी आकडा बरोबर असला तरी समोरच्याला १९९५ ची आठवण करून देता येते.

अक्षांश

चर्चा अपेक्षेपेक्षा सकस झाली. आतापर्यंतच्या उदाहरणांवरून पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते : प्रभाव पैशातून कमी आणि वेळेवर पुरवलेल्या माहितीतून जास्त येतो. फुटलेला मसुदा, ३५० डॉलरची किंमत, साडेपाच हजार टनांचा चुकीचा दावा, ही सगळी माहितीचीच रूपे आहेत. दुसऱ्या प्रश्नासाठी रुजवात यांच्या प्रतिसादातून एक कसोटी निघते. ज्या देशात परिणाम होणार आहेत, तेथे त्याच मागणीसाठी लढणारी, स्वतःचे सभासद असलेली संघटना आहे का? दक्षिण आफ्रिकेत होती. काँगोत खाणकामगारांच्या वतीने बोलणारी अशी संघटना वॉशिंग्टनपर्यंत पोहोचली नव्हती.

रुजवात

कसोटी आवडली, पण पुरेशी वाटत नाही. मी तिला आणखी एक जोडीन : निर्णय झाल्यानंतर संस्था थांबते का? कर्जमाफीच्या आघाडीतील बरीच मंडळी २००० नंतर पांगली. उलट बाळांसाठीच्या दुधाच्या पावडरीच्या जाहिरातींवर १९८१ मध्ये जागतिक आरोग्य सभेने आचारसंहिता मंजूर केली, ११८ विरुद्ध १ मताने, आणि विरोधातले ते एक मत अमेरिकेचे होते. ती संहिता नुसती शिफारस होती. देशोदेशी तिचे कायद्यात रूपांतर झाले की नाही आणि कंपन्या ती कुठे मोडतात, यावर आयबीफॅन हे संस्थांचे जाळे दशकानुदशके लक्ष ठेवून आहे. या कंटाळवाण्या कामाला कोणी नोबेल देत नाही.

काळी_शाई

भूसुरुंगबंदीची मोहीमही थांबली नव्हती, १९९९ पासून ती दरवर्षी देशनिहाय अहवाल काढते. तरीही २०२५ मध्ये एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुएनिया, फिनलंड आणि पोलंड यांनी करारातून बाहेर पडण्याचा निर्णय घेतला, कारण रशियाच्या सीमेची भीती कोणत्याही अहवालापेक्षा मोठी ठरली. सरकारांना जिवावर बेतल्यासारखे वाटते, तेथे या संस्थांचा प्रभाव संपतो.

आणि थांबणे नेहमीच वाईट असते असे नाही. रक्तरंजित, म्हणजे सशस्त्र टोळ्यांना पैसा पुरवणारे, हिरे बाजारात येऊ नयेत यासाठीची किंबर्ली प्रमाणपत्र योजना २००३ मध्ये सुरू होण्यामागे ग्लोबल विटनेसचे काम होते. झिंबाब्वेतील हिऱ्यांच्या प्रश्नावर योजना कुचकामी ठरत असल्याचे सांगून २०११ च्या अखेरीस तीच संस्था बाहेर पडली. आत राहून आपले नाव त्या प्रमाणपत्राला वापरू देणे अधिक सोयीचे होते.

तिसरा_पक्ष

दोन्ही कसोट्या मान्य, परंतु त्या लावणार कोण? हैतीत २०१० च्या भूकंपानंतर आलेल्या तातडीच्या मदतीपैकी जेमतेम एक टक्का तेथील सरकारच्या हाती पडला. बाकी सारी बाहेरच्या सरकारांच्या यंत्रणा, संयुक्त राष्ट्रे, रेड क्रॉस आणि संस्था यांच्यामार्फत गेली. सरकार भ्रष्ट आणि दुबळे असल्याचे कारण सांगितले गेले. पण सरकारला वगळूनच सगळे केले तर ते सबळ होणार कधी? २०१६ मध्ये मोठ्या देणगीदारांनी आणि संस्थांनी मिळून ठरवले की २०२० पर्यंत मानवतावादी निधीचा २५ टक्के वाटा स्थानिक आणि राष्ट्रीय संस्थांकडे शक्य तितक्या थेट जावा. ते उद्दिष्ट मुदतीत जवळपासही आले नाही. कसोटी लावणारेच त्या कसोटीवर तोलले जाणार असतील, तर निकाल काय लागणार?

वाकडी_वाट

परीक्षार्थीच परीक्षक असल्यास निकाल वेळेवर लागतो, एवढा फायदा मात्र नक्की.

ओंजळ

तिसरा_पक्ष, हा प्रश्न आता तत्त्वाचा उरलेला नाही. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवली आणि जुलैत यूएसएड ही परदेशी मदत देणारी यंत्रणा परराष्ट्र खात्यात विलीन केली. ज्या संस्थांचा मोठा हिस्सा त्या पैशावर चालत होता, त्यांनी आठवड्यांत कर्मचारी कमी केले आणि कार्यालये बंद केली. माझ्या ओळखीच्या काही सहकाऱ्यांच्या पाहण्यात असे आले की सर्वांत आधी बंद झाली ती धोरणविषयक कामे, कारण अन्न आणि औषध यांच्यापुढे ती चैन वाटतात. जेथे स्थानिक संघटनेची स्वतःची वर्गणी होती, तेथे पाठपुरावा रखडत का होईना चालू राहिला. जेथे ती संघटना केवळ उपकंत्राटदार होती, तेथे अर्धवट राहिलेल्या मसुद्यावर आता कोण बसले आहे हे विचारायलाही माणूस उरलेला नाही.

हिशेबनीस

आणि ती रिकामी खुर्ची फार काळ रिकामी राहत नाही. काळी_शाई यांनी वर सांगितलेल्या सूट घातलेल्या मंडळींचा निधी कोणी गोठवलेला नाही.